आधी बाहुलीला, मग मला
(लहान मुलांची दवाखान्याची भीती : घर, बालवाडी व रविवारची शाळा यांसाठी अभ्यासपाठ)



मागच्या भातकापणीच्या दिवसांतील ही गोष्ट. पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील एका पाड्यावर सकाळीच आरोग्य पथकाची गाडी आली. गाडीचा आवाज ऐकताच अंगणवाडीतील अर्धी मुले पळाली. चार वर्षांची एक मुलगी शेजारच्या घरात शिरली आणि कणगीच्या मागे जाऊन बसली. आई कापणीला गेलेली. आजीने हाका मारल्या, सेविकाताईंनी बिस्कीट दाखवले, पण ती बाहेर येईना. शेवटी शेजारीण वैतागून म्हणाली, "बाहेर ये, नाहीतर डॉक्टरला आत पाठवते, मोठी सुई टोचेल!" त्यानंतर तर तिचा हुंदकाही ऐकू आला नाही. पथकाला त्या दिवशी आणखी दोन पाडे करायचे होते. तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहून गाडी निघून गेली.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे हे पथक. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथूनच देशभरासाठी सुरू झाला. पथक प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि जन्मजात व्यंग, आजार, पोषणातील कमतरता व वाढीतील विलंब यांची तपासणी करते. एक खेप चुकली, की पुढची साधारण सहा महिन्यांनी.

त्या मुलीला आम्ही सगळेच हट्टी समजत होतो. हाक मारली तर वळत नसे, गाणी म्हणताना गप्प बसे. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तिच्या कानात पाहिले तेव्हा कळले, की एक कान बरेच दिवस वाहत होता आणि तिला कमी ऐकू येत होते. कान वाहतो हे आजीला ठाऊक होते. पण लहानपणी सगळ्यांचाच वाहतो, म्हणून ती बोलली नाही. मी परिचारिका असूनही विचारले नाही. सहा महिने हातचे गेले, ते एका भीतीमुळे. आणि ती भीती तिच्या मनात आम्ही मोठ्यांनीच घातली होती.

त्यानंतर आम्ही जे शिकलो ते या पाठात मांडत आहे. शहरातील मंडळीच्या मुलांनाही ते तितकेच लागू आहे.

पाठाचा हेतू

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दवाखान्यात काय होणार आहे हे आधी, खरेखरे आणि त्याला समजेल अशा रीतीने कळावे. त्यासाठी चित्रकथा व खेळ यांचा उपयोग कसा करावा हे पालकांनी व शिक्षकांनी शिकावे.

१. मूल का घाबरते?

या वयाच्या मुलाला जे दिसत नाही त्याची कल्पना ते स्वतःच करते आणि ती कल्पना बहुधा खऱ्यापेक्षा मोठी असते. रक्ताचा एक थेंब काढला, तर सगळे रक्त निघून जाईल असे त्याला वाटू शकते. आपण आजारी पडलो ते काहीतरी वाईट केले म्हणून, असेही पुष्कळ मुलांना वाटते. त्यात आपण 'गप्प बस, नाहीतर डॉक्टरकडे नेते' असे म्हटले, की डॉक्टर म्हणजे शिक्षा ही समजूत पक्की होते.

दुसरे कारण आठवणीचे आहे. सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकात सुया मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत असतात. त्यानंतरचे बूस्टर पाचव्या वर्षानंतर. म्हणजे दोन ते पाच वर्षांच्या मुलाची बहुतेक नेहमीची तपासणी बिनसुईची असते : वजन, उंची, दंडाचा घेर, दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस, जंताची गोळी. पण मुलाला आठवते ती सुईच, आणि ते वजनकाट्यालाही घाबरते. हे पालकांना समजावून सांगितले, तर अर्धे काम होते.

पाड्यावर आणखी दोन गोष्टी असतात. मुलाची घरची बोली वारली, कातकरी किंवा कोकणा. डॉक्टर बोलतात ती मराठी त्याला निराळी वाटते. आणि आईलाच दवाखान्याची सवय नसते. तिचा आखडलेला हात मुलाला सगळे सांगून जातो. म्हणून हा पाठ मुलाइतकाच आईसाठीही आहे.

२. कार्टूनमधील वाघाचे पिल्लू

अमेरिकेतील फ्रेड रॉजर्स (१९२८–२००३) यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. ते प्रेस्बिटेरियन मंडळीचे दीक्षित पाळक. १९६३ साली त्यांची दीक्षा झाली, ती दूरदर्शनच्या माध्यमातून मुलांची व कुटुंबांची सेवा करण्यासाठी. १९६८ पासून त्यांचा मुलांचा कार्यक्रम देशभर दिसू लागला. त्यात डॅनियल नावाच्या लाजाळू वाघाची हातबाहुली होती. मुले ज्या गोष्टींना घाबरतात त्या डॅनियल विचारी आणि मोठी माणसे त्याला न हसता उत्तर देत. रॉजर्स यांनी डॉक्टरांकडे जाणे व रुग्णालयात राहणे या विषयांवर मुलांसाठी छोटी पुस्तकेही लिहिली.

२०१२ पासून याच कल्पनेवर एक कार्टून मालिका सुरू झाली. त्यात चार वर्षांचे वाघाचे पिल्लू एका भागात डॉक्टरांकडे जाते. त्या भागाचे सूत्र साधे आहे : नवी गोष्ट करायची असेल, तर काय काय होणार ते आधी बोलून घ्यावे. त्याच वर्षी आलेल्या 'डॉक मॅकस्टफिन्स' या दुसऱ्या मालिकेतील छोटी मुलगी आपल्या खेळण्यांचा दवाखाना चालवते. तिथे मूल तपासून घेणारे नसते, तपासणारे असते.

या दोन्हींत शिकण्यासारखे ते हेच. कार्टून म्हणजे रडणाऱ्या मुलापुढे मोबाईल धरणे नव्हे. आपल्यासारखेच दुसरे कोणीतरी घाबरले, त्याने विचारले, त्याला खरे उत्तर मिळाले आणि ते सुखरूप घरी आले, एवढे मुलाला दिसले पाहिजे.

मोबाईल वापरायचा असेल तर तीन नियम पाळावेत. एक, चार-पाच मिनिटांचाच भाग दाखवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी असेल तितके चांगले, असे सांगितले आहे. दोन, मुलाबरोबर बसून पाहावे आणि मध्ये थांबवून विचारावे, "आता काय होईल?" तीन, भाषा परकी असेल तर आवाज बंद करून गोष्ट घरच्या बोलीत आपणच सांगावी.

३. पाड्यावरचे कार्टून

अनेक पाड्यांवर मोबाईलला रेंज नसते. पण गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढण्याची कला वारली घरांत आहेच. दोन त्रिकोण जोडले की माणूस उभा राहतो. आम्ही पाड्यावरच्या दोघी बायांना विचारले, "दवाखान्याची गोष्ट काढाल का?" लग्नाचा चौक हे पवित्र चित्र असते, त्याला हात लावायचा नाही, हे त्यांनीच आधी सांगितले. मग जुन्या पुठ्ठ्यावर गेरू लावून पाच चित्रे काढली :

पहिले : मुलगी आईबरोबर वाटेने चालली आहे, बरोबर तिची कोंबडी.
दुसरे : दवाखान्याच्या ओट्यावर लोक बसले आहेत, मुलगी आईला बिलगली आहे.
तिसरे : ताई तिला काट्यावर उभी करून वजन पाहते.
चौथे : डॉक्टर छातीला नळी लावून धडधड ऐकतात, मुलगी आईच्या मांडीवर आहे.
पाचवे : दोघी घरी परतल्या आहेत आणि चुलीपाशी बसून जेवत आहेत.

पाचवे चित्र कधीही गाळू नये. आपण घरी परत येणार आहोत, ही लहान मुलाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी बातमी असते. चित्रातली कोंबडी बायांनी आपल्या मनाने घातली होती. मुले सर्वांत आधी तिच्याकडेच बोट दाखवू लागली, आणि मग पुढचे बोलणे सोपे झाले.

४. खेळ : पाच दिवसांचा पाठ

खेळातून शिकवण्याची परंपरा याच भागातील आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे त्या व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभारले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, आणि बिया, पाने, शंख, माती यांतूनच शिकण्याची साधने करावीत, हा त्यांचा मार्ग. आमचा दवाखानाही तसाच अंगणात आला.

साहित्य : जुन्या लुगड्याच्या दोन-तीन बाहुल्या, कापडाच्या पट्ट्या, चमचा व वाटी, छोटी बॅटरी, टोपली व दोरीचा वजनकाटा, रबरी नळीला प्लास्टिकचे झाकण लावलेली ऐकण्याची नळी, तीन रंगांची कागदी पट्टी. इंजेक्शन दाखवण्यासाठी बोरूची काडी पुरे. दवाखान्यातील वापरलेली सिरिंज कधीही खेळायला देऊ नये.

पहिला दिवस. पाच चित्रांची गोष्ट सांगावी. मुलांना बोलू द्यावे. कोणी म्हणाले, "मला टोचले होते," तर "हो, दुखले असेल" एवढेच म्हणावे. उपदेश करू नये.

दुसरा दिवस. बाहुली आजारी. ताई डॉक्टर होतात. बाहुलीचे वजन टोपलीत करावे, दंडाला पट्टी लावावी, कानात बॅटरीचा उजेड पाडावा. प्रत्येक गोष्ट करण्याआधी बाहुलीला सांगावे, "आता मी तुझा कान बघते हं." मुले हे नीट पाहतात.

तिसरा दिवस. खरी साधने. परिचारिका किंवा आशाताईंना बोलवावे. मुलांनी खरी नळी कानाला लावून मित्राच्या छातीतील धडधड ऐकावी. खरी दंडघेर पट्टी हातात घ्यावी. या पट्टीवर सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेबारा सेंटिमीटर वा अधिक भरला तर हिरवा रंग, साडेअकरा ते साडेबारा असेल तर पिवळा, आणि साडेअकराच्या खाली लाल. आयांनाही हे याच दिवशी दाखवावे. लाल रंग म्हणजे तीव्र कुपोषण. ते मूल लगेच आरोग्य केंद्रात गेले पाहिजे.

चौथा दिवस. भूमिका बदलाव्यात. मूल डॉक्टर, ताई रुग्ण. हा दिवस सर्वांत महत्त्वाचा. ताईंनी घाबरल्याचे नाटक करावे, 'आई गं!' म्हणावे, थोडे रडावेही. डॉक्टर झालेले मूल काय करते ते पाहावे. एखादे मूल बाहुलीला पुन्हा पुन्हा जोराने टोचेल. त्याला रागावू नये. ते आपल्या मनातील भीती बाहेर काढत असते. थोड्या वेळाने ते आपणहून बाहुलीला पट्टी बांधते.

पाचवा दिवस. फुंकर मारण्याचा सराव. पपईच्या पानाच्या देठाची नळी व साबणाचे पाणी घेऊन फुगे काढावेत. लांब, सावकाश फुंकर म्हणजे मोठा फुगा. हीच फुंकर सुईच्या वेळी कामी येते, कारण श्वास सावकाश सोडताना आवळलेले अंग सैल पडते व लक्षही फुग्याकडे राहते.

युरोपातील कित्येक शहरांत वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी असाच 'टेडी बेअर दवाखाना' भरवतात. मुले आपले खेळण्यातले अस्वल तपासायला घेऊन येतात. आपल्याकडे अस्वलाची गरज नाही. लुगड्याची बाहुली पुरते.

५. काय बोलावे, काय बोलू नये

'अजिबात दुखणार नाही' असे म्हणू नये. दुखले की मुलाचा आपल्यावरचा विश्वास जातो, आणि पुढच्या वेळी आपण खरे बोललो तरी ते मानत नाही. त्याऐवजी : "मुंगी चावल्यासारखे होईल. आपण फुगा फुंकू, पाच मोजू, मग झाले."

'बाजारात जाऊ' असे सांगून दवाखान्यात नेऊ नये. फसवून एकदा नेता येते.

'शूर मुले रडत नाहीत' असे म्हणू नये. "रडायला आले तर रड, पण हात हलवू नको. मी धरते," असे म्हणावे. मुलाला एक निश्चित काम मिळते.

खोटी निवड देऊ नये. 'लस घ्यायची का?' असे विचारले आणि ते नाही म्हणाले, तर काय करणार? खरी निवड द्यावी : "कुठल्या मांडीवर बसशील, आईच्या की आजीच्या?"

भगताकडे जाणाऱ्या आईला हिणवू नये. मुलासमोर तर मुळीच नाही. आपल्या घरच्या माणसांचा अपमान जिथे होतो त्या जागेवर मूल विश्वास ठेवत नाही. "दवाखान्यातही दाखवू या, मी बरोबर येते," एवढे वाक्य पुष्कळ दारे उघडते.

६. भेटीच्या दिवशी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लसीकरणाच्या वेळच्या वेदना कमी करण्याविषयी मार्गदर्शन दिले. त्यातील पुष्कळशा गोष्टींना पैसे लागत नाहीत. पालक जवळ असावेत. लहान मुलाला मांडीवर धरावे. तान्हे मूल असेल तर आईने त्या वेळी अंगावर पाजावे. दोन लसी असतील तर जास्त दुखणारी शेवटी द्यावी. सहा वर्षांच्या आतील मुलाचे मन खेळणे, गाणे अशा गोष्टीत गुंतवावे. बोलणे शांत व सरळ असावे.

मुलाने आपली बाहुली बरोबर आणावी आणि आधी तिला तपासावे, अशी विनंती डॉक्टरांना करता येते. अर्ध्या मिनिटाचे काम असते. घरी आल्यावर खेळ पुन्हा काढावा. मुलाला जे सोसावे लागले ते ते खेळून पचवते.

७. सावधगिरी

खेळ हा तयारीसाठी आहे, उपचारासाठी नाही. मूल दूध-पाणी पिईनासे झाले, प्यालेले सगळे उलटून टाकू लागले, आकडी आली, सुस्त पडून राहिले, श्वास फार जलद झाला किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर चित्रे व बाहुल्या शोधत बसू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि मूल मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात न्यावे. वाटेत खरे शब्द व आईचा हात एवढे पुरे.

मनन

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याईराच्या मुलीची गोष्ट आहे. आपण ती चमत्काराची गोष्ट म्हणून वाचतो. या पाठाच्या दृष्टीने ती पुन्हा वाचावी. घरात आकांत चाललेला होता. प्रभूने गोंधळ करणाऱ्या सर्वांना बाहेर काढले, आईबापांना मात्र आत ठेवले. मुलीचा हात धरला, तिच्याशी तिच्या घरच्या भाषेत बोलला, आणि शेवटी तिला खायला द्या असे सांगितले. आजारी मुलाभोवती काय असावे आणि काय नसावे, हे त्या खोलीत दिसते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात डॉक्टर, पोलीस किंवा बुवा यांची भीती घालून मुलाला गप्प केले जाते का? त्याऐवजी काय म्हणता येईल?
२. लहानपणी आपल्याला कोणी फसवून दवाखान्यात नेले होते का? त्याची आठवण आज काय सांगते?
३. आपल्या ओळखीच्या एखाद्या 'हट्टी' मुलाच्या हट्टामागे न तपासलेले दुखणे असू शकेल का?
४. रविवारच्या शाळेत या पाठातील कोणता दिवस येत्या महिन्यात घेता येईल?

कृती : महिला मंडळाने जुन्या लुगड्यांच्या बाहुल्या शिवाव्यात. डोळे बटणांचे लावू नयेत, लहान मुले बटणे तोडून गिळतात, दोऱ्याने भरावेत. मोठ्या मुलांनी पुठ्ठ्यावर पाच चित्रे काढावीत, आणि पाचव्या चित्रात घर काढायला विसरू नये.

शेवटी त्या मुलीविषयी. पथकाच्या पुढच्या खेपेच्या आधी आम्ही तिच्या अंगणवाडीत हा पाच दिवसांचा पाठ घेतला. चार दिवस ती दारातूनच पाहत होती. पाचव्या दिवशी तिने बाहुली उचलली आणि तिच्या कानात बॅटरी धरली. दुसऱ्या कुठल्या अवयवाकडे ती वळलीच नाही, फक्त कान. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले, की हिला काहीतरी सांगायचे आहे. गाडी आली त्या दिवशी ती आजीच्या मांडीवर बसली, बाहुली डॉक्टरांपुढे धरली आणि म्हणाली, "आधी हिला."

डॉक्टरांनी आधी बाहुलीचा कान पाहिला, मग तिचा. औषध सुरू झाले, कान कोरडा ठेवायला आजी शिकली, आणि पुढील तपासणीसाठी तिला तालुक्याच्या रुग्णालयात दोनदा नेले. कान आता वाहत नाही. ऐकू किती येते हे अजून पाहायचे आहे. मागच्या आठवड्यात मी पाड्यावर गेले तेव्हा ती पाठमोरी खेळत होती. मी हळूच हाक मारली. तिने वळून पाहिले.